अपघात क्षणाचा, दावा वर्षांचा



शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपले वाडवडील सांगत आले. धुऱ्याचा तंटा असो की भावाभावांतली वाटणी, तिथे हा सल्ला लाखमोलाचा आहे. पण रस्त्याच्या कडेने चाललेल्या माणसाचा पाय भरधाव ट्रकखाली गेला, तर त्याने जायचे कुठे? ट्रकवाला गावचा नाही, पंचांपुढे तो बसणार नाही. विमा कंपनीला गावकी नाही, भावकी नाही, भीडही नाही. अशा माणसाला कोर्टाची पायरी चढावीच लागते. ती चढावी लागते याबद्दल आमची तक्रार नाही. त्या पायरीवर किती वर्षे बसून राहावे लागते, याबद्दल आहे.

साखर कारखान्याच्या पत्रिकेत हा विषय कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर रस्त्यावर आहे. हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, उसाने ओसंडणारे ट्रक आणि बंड्या रात्रंदिवस चालतात. मौदा, रामटेक, पारशिवनीकडचा पेंचच्या कालव्यावरचा ऊस याच वाटांनी जातो. आणि नागपूर तर देशाचे नाकेच. उत्तर-दक्षिण जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४, म्हणजे जुना ७, आणि पूर्व-पश्चिम जाणारा ५३, म्हणजे जुना ६, हे दोन्ही इथेच एकमेकांना छेदतात. पंजाबचा ट्रक, छत्तीसगडचा ट्रेलर आणि आपल्या सभासदाची फटफटी एकाच डांबरावर चालते. तेव्हा हा प्रश्न परका नाही, आपल्या दारातला आहे.

वेळ जातो कुठे?

अपघाताच्या भरपाईचा अर्ज मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे करायचा असतो. अपघात जिथे झाला तिथे, किंवा जखमी माणूस जिथे राहतो तिथे, तो करता येतो. म्हणजे अपघात हैदराबादच्या वाटेवर झाला तरी आपल्या सभासदाला नागपूरच्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो. ही सोय मोठी आहे. पण पुढचा प्रवास बैलाच्या चालीने होतो.

पहिला मुक्काम नोटिशीचा. ट्रकचा मालक दुसऱ्या राज्यातला. नोटीस जाते, पत्ता सापडत नाही म्हणून परत येते, पुन्हा जाते. चालक तर नोकरी सोडून कधीच गेलेला असतो. दुसरा मुक्काम विमा कंपनीच्या लेखी म्हणण्याचा. पॉलिसी खोटी, परवाना चुकीचा, चूक जखमीचीच, असे सगळे एकदमच लिहून टाकायचे आणि मुदत मागायची. तिसरा मुक्काम डॉक्टरांच्या साक्षीचा. मेडिकल किंवा मेयोतल्या ज्या डॉक्टरांनी हाड जोडले त्यांची तोवर बदली झालेली असते, किंवा ते शस्त्रक्रियेत गुंतलेले असतात. त्यांच्या एका साक्षीवाचून तारखांवर तारखा पडतात. चौथा मुक्काम अपिलाचा. न्यायाधिकरणाचा निकाल लागला की ९० दिवसांत उच्च न्यायालयात, म्हणजे आपल्याकडे नागपूर खंडपीठात, अपील करता येते. तिथून पुढे दिल्ली आहेच.

हे सारे किती लांबते याचे एक उदाहरण देशभरच्या वकिलांना पाठ आहे. १८ एप्रिल १९८८ रोजी भारतीय कृषी अनुसंधान परिषदेतील एका शास्त्रज्ञाला दिल्लीत बसची धडक बसली आणि त्यांचा मृत्यू झाला. न्यायाधिकरणाचा निकाल १९९३ साली आला, उच्च न्यायालयाचा २००७ साली, आणि सर्वोच्च न्यायालयाचा १५ एप्रिल २००९ रोजी. एकवीस वर्षांना तीन दिवस कमी! हाच तो 'सरला वर्मा' निकाल. कोणत्या वयाला किती वर्षांची भरपाई धरायची याचा तक्ता त्यातून सर्व न्यायाधिकरणांना मिळाला. आज नागपुरात एखाद्याच्या दाव्याचा हिशेब लवकर मांडता येतो, त्याच्या मागे त्या घरची एकवीस वर्षांची वाट पाहणे आहे. आणि ते घर राजधानीत राहणारे होते. आपल्या वावरातल्या माणसाने एवढा दम कोठून आणायचा?

कोणी म्हणेल, भरपाईवर व्याज मिळतेच की. मिळते. बहुधा ६ ते ९ टक्के. पण पाय प्लास्टरमध्ये असताना घर चालवण्यासाठी जे कर्ज काढले, त्याचे व्याज त्या दराने चालत नाही. दावा चालतो बंडीच्या चाकाने आणि कर्ज चालते मोटारीच्या. निकालाचा कागद घरी येईतो वावराचा तुकडा विकला गेला, तर त्या कागदाचा जखमीला उपयोग तरी काय?

कायदा बदलला, सवयी बदलायच्या आहेत

न्यायाने बोलायचे तर कायद्याने हातपाय हलवले आहेत. १९३९ च्या मोटार कायद्यात १९५६ साली दुरुस्ती होऊन ही न्यायाधिकरणे आली, तीच मुळी दिवाणी दाव्याचा वेळ वाचावा म्हणून. १९८२ साली कोणाची चूक हे सिद्ध न करताही काही ठराविक रक्कम मिळू लागली. सध्याचा १९८८ चा कायदा २०१९ साली दुरुस्त झाला आणि भरपाईसंबंधीच्या नव्या तरतुदी १ एप्रिल २०२२ पासून लागू झाल्या.

त्या प्रत्येक सभासदाने ध्यानात ठेवाव्या अशा आहेत. पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत, मधला ५० दिवसांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाला द्यायचा. तो अहवालच दाव्याचा अर्ज म्हणून धरता येतो. विमा कंपनीने आपला अधिकारी नेमून ३० दिवसांत तडजोडीची रक्कम सांगायची. या मुदती काटेकोर पाळा, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये 'गोहर मोहम्मद' प्रकरणात बजावले आहे. दाव्याची रक्कम एक लाखाच्या आत असेल तर आता अपीलही नाही. शिवाय ५ मे २०२५ पासून अपघातग्रस्तावर पहिले सात दिवस दीड लाख रुपयांपर्यंत रोख न भरता उपचार करण्याची केंद्राची योजना जाहीर झाली आहे.

कागदावर हे सारे झकास आहे. पण पोलीस ठाण्यात मनुष्यबळ अपुरे, तपास अधिकारी बंदोबस्तावर, आणि जखमीच्या घरच्यांना या अहवालाचे नावही ठाऊक नाही. जो मागतो त्याला मिळते. जो मागत नाही त्याची फाईल कपाटात पडून राहते. म्हणून आमचे म्हणणे असे, की उशिराचा पहिला महिना कोर्टात जात नाही, तो आपल्या घरात आणि ठाण्यात जातो. आणि व्याज मिळते तेही अर्जाच्या तारखेच्या आधीचे नाही. अर्ज जितका उशिरा, तितके नुकसान आपले.

यात एक खाच आहे. १९९४ साली दाव्यासाठीची मुदतीची अट काढून टाकली होती. नव्या दुरुस्तीने ती परत आणली: अपघातापासून सहा महिने. या अटीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे, आणि ते प्रकरण चालू असेतो केवळ मुदत गेली म्हणून दावे फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश नोव्हेंबर २०२५ मध्ये झाला. पण अंतरिम आदेश म्हणजे पावसाळ्यातली उघडीप. तिच्या भरवशावर कडबा बाहेर ठेवू नये. सहा महिन्यांच्या आत अर्ज पडलाच पाहिजे.

अर्जाची घाई करा, तडजोडीची नको

आता उलट बाजू. दावा लवकर लावणे वेगळे आणि लवकर मिटवणे वेगळे. मोडलेले हाड जुळायला महिने लागतात. आत टाकलेली सळई काढायला दुसरी शस्त्रक्रिया लागते. पाय कायमचा आखूड झाला की नाही, हात खांद्यावर जातो की नाही, हे समजायलाही वेळ द्यावा लागतो. त्या आधी दवाखान्याच्या खाटेवर कोणी लाख-दोन लाखांचा आकडा घेऊन आला आणि आपण अंगठा उठवला, तर पुढचे दार बंद होते.

कायद्यातही असा एक खटका आहे. चूक सिद्ध न करता मिळणारी ठराविक रक्कम, म्हणजे मृत्यूला पाच लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख, ही जर स्वीकारली तर मोठ्या भरपाईचा दावा संपतो. ज्याची दुखापत खरोखर किरकोळ, किंवा ज्याच्याकडे दुसऱ्याच्या चुकीचा पुरावाच नाही, त्याने ती घ्यावी. पण ज्याचा कमावता हात गेला त्याने सही करण्याआधी चार दिवस विचार करावा.

हिशेब करून पाहा. समजा, अडतीस वर्षांचा शेतकरी आहे. महिन्याचे उत्पन्न १०,००० रुपये धरले. वय चाळीसच्या आत म्हणून पुढील वाढीचे ४० टक्के मिळवले, म्हणजे १४,००० झाले. वर्षाचे १,६८,०००. या वयाला गुणक १५, म्हणून २५,२०,०००. आता अपंगत्व ३० टक्के धरले तर ७,५६,००० रुपये होतात आणि ६० टक्के धरले तर १५,१२,०००. औषधपाणी आणि वेदनांचे वेगळे. तर सारा दावा या एका टक्केवारीवर फिरतो.

ही टक्केवारी नुसती डॉक्टरांच्या दाखल्यावर ठरत नाही. 'राजकुमार विरुद्ध अजयकुमार' या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की शरीराचा किती भाग गेला एवढेच पाहू नका, त्याने पोटाचा धंदा किती बुडाला ते पाहा. एक हात गेलेला कारकून नोकरी राखू शकेल, पण ड्रायव्हर किंवा सुतार साफ बसेल. हेच शेतकऱ्याला लागू आहे. गुडघा न वाकणारा माणूस खुर्चीवर बसून पगार घेऊ शकतो. त्याला सरीत उतरून पाणी धरता येत नाही, बंडीवर चढता येत नाही, ट्रॅक्टरचा क्लच दाबता येत नाही. हे न्यायाधीशांना कोणीतरी सांगावे लागते, आणि तेवढ्यासाठी थोडा वेळ गेला तर तो वाया गेलेला वेळ नव्हे.

याच निकालात आणखी एक मोलाची गोष्ट आहे. डॉक्टरांना दिवसभर तिष्ठत ठेवू नका, त्यांना नेमकी वेळ द्या, गरज पडल्यास आयुक्त नेमून साक्ष नोंदवा, असे न्यायालयाने सुचवले आहे. एवढे जरी सगळीकडे मनावर घेतले तरी कित्येक दाव्यांचे एक-एक वर्ष वाचेल.

शेतकऱ्याची मिळकत कोण सांगणार?

नोकरदाराला पगाराची चिठ्ठी असते. शेतकऱ्याला काय? विमा कंपनीचा वकील ठराविक मुद्दा मांडतो: जमीन तर जागेवरच आहे, मग नुकसान कसले? २००३ साली 'हरियाणा राज्य विरुद्ध जसबीर कौर' या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की जमीन वारसांकडे राहते हे खरे, पण ती पाहण्यासाठी आता माणसे लावावी लागतील, हेही खरे. म्हणजे शेतकऱ्याच्या अंगमेहनतीची आणि देखरेखीची किंमत धरावी लागते. मात्र ती कागदाने दाखवावी लागते.

इथे ऊस उत्पादक इतर शेतकऱ्यांपेक्षा नशीबवान आहे. कापूस व्यापाऱ्याला दिला की बहुधा चिठ्ठीही राहत नाही. आपल्या उसाच्या प्रत्येक खेपेचे वजन काट्यावर नोंदलेले असते. नोंदणीचे क्षेत्र, वजनाच्या पावत्या, पंधरवड्याची ऊसबिले, बँकेत जमा झालेल्या रकमा, कपातीचे तपशील असा वर्षानुवर्षांचा पुरावा कारखान्याच्या दप्तरात पडून आहे. सातबारा आणि तीन हंगामांची ऊसबिले जोडलेली असली, की उत्पन्नाच्या मुद्द्यावरचे निम्मे भांडण मिटते. म्हणून आमचे सांगणे, की वजनाच्या पावत्या खुंटीला टांगून उंदरांना देऊ नका.

बाकीचे कागदही पहिल्याच महिन्यात गोळा करावेत. फिर्यादीची नक्कल, घटनास्थळाचा पंचनामा, दवाखान्यातली पोलीस प्रकरणाची नोंद, सुटीचे कार्ड, एक्स-रे, औषधांची बिले, धडक देणाऱ्या गाडीचा क्रमांक आणि तिच्या पॉलिसीची प्रत. गाडी पळून गेली व सापडलीच नाही, तरी मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार रुपये मिळण्याची वेगळी योजना २०२२ पासून आहे. शेतकरी अपघातासाठीचे राज्य सरकारचे गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे सानुग्रह अनुदान तालुका कृषी कार्यालयातून मिळते, तेही निराळे.

सरकारी मदत आणि दावा यांची गल्लत करू नये. १ जुलै २०२३ च्या पहाटे नागपूरहून पुण्याकडे निघालेली खाजगी बस समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ उलटून पेटली आणि २५ प्रवासी गेले. राज्याने पाच लाखांची व केंद्राने दोन लाखांची मदत जाहीर केली. ती मदत म्हणजे सरकारने दाखवलेली माणुसकी. न्यायाधिकरणातली भरपाई हा हक्क आहे. एक मिळाले म्हणून दुसरे सोडायचे कारण नाही.

दवाखान्याच्या दारात 'अमुक टक्के द्या, दावा लावून देतो' म्हणणारे दलाल भेटतात. निकालाच्या रकमेत वाटा ठरवून घेण्यास वकिलांना त्यांच्याच परिषदेच्या नियमांनी मनाई आहे. महिला, अनुसूचित जाती-जमातींची माणसे आणि अपंग व्यक्ती यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो. पक्की वैद्यकीय कागदपत्रे हाती असतील तर लोकअदालत हा जवळचा रस्ता आहे. तिथे झालेल्या निवाड्यावर अपील नाही, म्हणून विमा कंपनी तो पुढे लांबवू शकत नाही. पण हेच आपल्यालाही लागू आहे, हे विसरू नये.

आपल्याही ट्रॉल्या आहेत

आता कानपिचकी स्वतःला. रस्त्यावर आपण नेहमी जखमीच असतो असे नाही. मागे लाल दिवा नसलेली, पाटी नसलेली, रात्री चाक पंक्चर झाले म्हणून रस्त्यातच दगड लावून उभी केलेली ट्रॉली कोणाची असते? ती आपलीच असते. तिच्यावर एखादे पोर फटफटीसकट आदळले, तर दाव्यात पहिले नाव आपल्या सभासदाचे येते.

ट्रॅक्टरची पॉलिसी असते, पण ट्रॉलीचा तिच्यात उल्लेख नसतो. मडगार्डवर आणि उसावर माणसे बसवलेली असतात. परवाना संपून वर्ष झालेले असते. अशा वेळी विमा कंपनी हात वर करते. मग कधी न्यायालय तिला आधी भरायला आणि मालकाकडून वसूल करायला सांगते, तर कधी पूर्ण मोकळे सोडते. दोन्हीकडून बोजा मालकावरच. आणि ही वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे होते, म्हणजे गाठ सातबाऱ्याशी आहे. शिवाय असे वाद निघाले की जखमीचा दावाही वर्षांनी लांबतो. दोन हजारांचा हप्ता चुकवून दोन घरे बुडवायची, हा कुठला शहाणपणा?

आमचे मत

दावे रेंगाळतात याला सरकार, पोलीस, विमा कंपन्या आणि न्यायालये जबाबदार आहेत. त्यांच्याकडे आमची मागणी स्पष्ट आहे. ९० दिवसांचा अहवाल दिला की नाही, याची ठाणेवार नोंद लोकांना पाहायला मिळावी. डॉक्टरांच्या साक्षी ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी व्हाव्यात. आणि ज्या विमा कंपन्या ३० दिवसांत रक्कम सांगत नाहीत, त्यांच्यावर चढ्या दराने व्याज बसवावे.

पण सहकाराची शिकवण दुसऱ्याकडे बोट दाखवून थांबण्याची नाही. म्हणून येत्या वार्षिक सभेपुढे तीन गोष्टी याव्यात, असे आम्ही सुचवतो. एक, अपघातग्रस्त सभासदाने किंवा त्याच्या घरच्यांनी मागितल्यापासून आठ दिवसांत शेतकी विभागाने मागील तीन हंगामांच्या उसाचा व बिलांचा सही-शिक्क्याचा दाखला विनामूल्य द्यावा. दोन, ट्रॅक्टर आणि प्रत्येक ट्रॉलीचा विमा, चालकाचा परवाना आणि मागची तांबडी पाटी पाहिल्याशिवाय वाहतुकीचा करार करू नये. तीन, गटवार शेतकी मदतनिसाकडे अपघातानंतर करायच्या कामांचा एक छापील कागद असावा, म्हणजे पहिल्या सहा महिन्यांचे सोने माती होणार नाही.

२०२४ साली सर्वोच्च न्यायालयाने एका गोष्टीची स्वतःहून दखल घेतली. भरपाईच्या मंजूर रकमा न्यायाधिकरणांत जमा आहेत, पण त्या न्यायला कोणी येत नाही. पत्ते बदलले, माणसे थकली, कोणी जगातून गेले. पैसा आला, तेव्हा घेणारा राहिला नाही. आपल्या सभासदांपैकी एकाचेही नाव त्या यादीत नसावे, एवढ्यासाठी हा लेखप्रपंच.

हंगाम सुरू आहे. दिवे लावून चाला, पावत्या जपून ठेवा, आणि वेळ आलीच तर कोर्टाची पायरी बेधडक चढा. पण चढा ती पहिल्याच महिन्यात.